खडा, खिडकी आणि साक्ष

ऊसतोड मजुरांच्या बोलीत ‘खाडा’ म्हणजे कामाचा बुडालेला दिवस. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. खाडा पडला की दंड अंगावर चढतो. अशा माणसाच्या मूत्रमार्गात खडा अडकला, तर तो चार मिलिमीटरचा की सहाचा, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. साधारणतः पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा पुष्कळदा आपोआप पडून जातो. त्यापुढे शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते.

हे माप सीटी स्कॅनच्या पडद्यावर घेतात. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले. त्यांच्या नावाच्या मापनश्रेणीत पाणी शून्य, हवा उणे १०००. कठीण खडा अधिक हजाराच्याही पुढे जातो. इतक्या छटा डोळ्याला ओळखता येत नाहीत. म्हणून श्रेणीचा एक तुकडा निवडून तेवढाच काळ्या-पांढऱ्याच्या दरम्यान पसरवतात. या निवडीला ‘विंडो’, म्हणजे खिडकी, म्हणतात. पोटाची नेहमीची खिडकी सुमारे उणे १६० पासून २४० पर्यंतची. त्यावरचे सारे सारखेच शुभ्र. खड्याची कड चित्रात किंचित विरघळलेली असते. या खिडकीत तीही शुभ्र होते आणि खडा फुगलेला दिसतो. हाडांसाठीची रुंद खिडकी लावून, चित्र मोठे करून मोजले, तर कड करडी पडते व माप खऱ्याच्या जवळ येते. फरक एखाद्या मिलिमीटरचा. पण पाचाच्या उंबरठ्यावर तोही पुष्कळ झाला.

नोंद एकच, मापे दोन, आणि खोटे कोणीच बोललेले नाही. मग ज्याची त्याची खिडकी, ज्याचे त्याचे सत्य, असे म्हणून मोकळे व्हावे काय? हल्ली हा विचार फार स्वस्त झाला आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते सृष्टीतील वस्तू आपल्या बुद्धीचे माप ठरवतात, आणि त्या वस्तूंचे माप परमेश्वराच्या बुद्धीत असते. खिडकी बदलली म्हणून खडा वाढत नाही. चुकतो तो मोजणारा.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, आणि वैद्यकीय अहवाल ही साक्षच होय. कोणत्या खिडकीतून पाहिले हे न सांगणे म्हणजे असत्य नव्हे. पण ती अपुरी साक्ष आहे. ज्याला प्रतिप्रश्न करता येत नाही, त्याच्या बाबतीत तर ती अधिकच अपुरी. २०१९ साली याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारींवर राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तो विषय खिडकीचा नव्हे. परंतु चित्र दुसऱ्याने पाहायचे आणि शरीर आपण द्यायचे, ही असहायता तीच.

दिवसाला ढीगभर स्कॅन पाहणाऱ्या डॉक्टरांना वेळ कुठला, असे कोणी म्हणेल. ‘हाडांच्या खिडकीत मोजले’ एवढे लिहायला किती वेळ लागतो? मजूर पिशवीत फिल्म घालून एस.टी.ने दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जातो. छापलेल्या फिल्मवरची खिडकी बदलता येत नाही, मात्र बहुधा कोपऱ्यात ‘डब्ल्यू’ आणि ‘एल’ या अक्षरांपुढे तिचे आकडे असतात. खडा वाढला असे त्या माणसाला सांगण्यापूर्वी जुन्या व नव्या फिल्मवरचे ते आकडे ताडून पाहावेत.