‘मेकअप’: शब्द एक, अर्थ अनेक
(मत्तय ५:२३, २४)

‘मेकअप’ हा इंग्रजी शब्द आतां आमच्या खेड्यापाड्यांतहि रुळला आहे. लग्नघरीं तो ऐकूं येतो, आणि त्याचा अर्थ आम्ही एकच जाणतों: तोंडास रंग लावणें. परंतु इंग्रजींत त्याच शब्दानें मनुष्याची मूळ घडणहि दर्शवितात. आणि तो क्रियापदासारखा योजिला म्हणजे नसलेली गोष्ट रचून सांगणें, झालेली हानि भरून काढणें, व तुटलेल्या मनांचा समेट करणें, असेहि अर्थ निघतात. प्रिय वाचकहो, ह्यांपैकीं कोणता अर्थ आपणांस लागू पडतो, हें आज पाहूं.

रंग लावणें हेंच पाप, असें आम्ही म्हणत नाहीं. येहू इज्रेलास आला तेव्हां ईजबेल राणीनें डोळ्यांत सुरमा घातला, आणि लागलाच तिचा नाश झाला (२ राजे ९:३०-३३). पण सुरम्यासाठीं तेथें जो ‘पूक’ हा इब्री शब्द आहे, तोच इयोबाच्या तिसऱ्या कन्येच्या नांवांत आहे: केरेन-हप्पूक, म्हणजे सुरम्याचें शिंग. सर्वस्व गमावलेल्या बापाची हानि देवानें भरून काढिली, त्या सुखाच्या दिवसांतील ही कन्या (इयोब ४२:१४). सुरमा तोच, परंतु ईजबेलीनें खोटे साक्षी उभे करून नाबोथाचा मळा बळकाविला होता, आणि तें रक्त सुरम्यानें झांकलें नाहीं.

आमच्याकडे काय दिसतें? रविवारीं सकाळीं दोघे भाऊ धुतलेलीं वस्त्रें लेवून, मुलांच्या तोंडांस पावडर लावून मंदिरांत येतात. एक उजवीकडे बसतो, दुसरा डावीकडे. शेताच्या बांधावरून तीन पावसाळे बोलणें बंद! गीत दोघेहि गातात, दानहि टाकितात. अशांस प्रभु सांगतो कीं, दान वेदीपुढें ठेव, आणि आधीं जाऊन भावाशीं समेट कर.

समेट नुसत्या गोड शब्दांनीं होत नाहीं. जक्कयानें ज्यांस नाडिलें त्यांस चौपट परत देण्याचें कबूल केलें (लूक १९:८). बांध सरकविला असेल तर तो मागें घ्यावा. खोटें रचून सांगितलें असेल तर ज्यांच्यापुढें सांगितलें त्यांच्यापुढेंच तें मोडावें. मनुष्याची खरी घडण तेथें कळते.

येत्या रविवारीं आरशापुढें उभे राहण्यापूर्वीं भावाच्या दारीं उभे राहूं या. तोंडाचा रंग संध्याकाळीं पाण्यानें जातो. मनांचा समेट लेंकरांच्या लेंकरांस पुरतो.