काचेपलीकडचे बाळ आणि आईची रात्र



नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम जिथे होतो ते नरसिंहपूर म्हणजे इंदापूर तालुक्याचे शेवटचे टोक. समजा, अशा गावातली आपली एखादी बहीण दिवस भरण्याआधीच बाळंत झाली आणि बाळ जेमतेम दीड किलोचे भरले. मग इंदापूर, नाही तर बारामती, आणि प्रकृती फारच नाजूक असेल तर बारामतीपासून शंभर किलोमीटरवरचे पुणे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी अर्भकाचे उपचार मोफत आहेत. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाची ही मोठी देणगी. आईला जेवणही मिळते, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि शस्त्रक्रिया झाली तर सात दिवस. बाळाला मात्र कित्येकदा तीन-चार आठवडे नवजात कक्षात ठेवावे लागते. मग ती ओली बाळंतीण आठव्या रात्री कुठे झोपते?

गावी परतावे, तर दूध कोण पाजणार? अशा बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी वजनाच्या बाळाला दिवसाचे किमान आठ तास, जमल्यास त्याहून अधिक, उघड्या छातीशी धरावे. बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी 1978 च्या सुमारास ही रीत सुरू केली, तीही काचपेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. म्हणजे आई ही भेटीला आलेली पाहुणी नव्हे, उपचाराचाच भाग आहे. तिला जिन्याखाली पथारी टाकावी लागली, तर बाळाचा अर्धा उपचार तिथेच खुंटतो.

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-कससमध्ये प्रेषित मूसा (अ.) यांच्या मातेचा वृत्तांत आहे. बाळ नदीत सोडल्यावर तिचे काळीज रिते झाले. बहीण काठाकाठाने पाळत ठेवीत गेली, आणि अल्लाहने बाळ पुन्हा आईच्याच पदरात घातले, तिचे डोळे निवावेत म्हणून. सूरह अल्-बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजण्याचे नियम सांगताना, मुलापायी आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. बापाचा उल्लेख आपण सहसा वाचून पुढे जातो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रात्र काढणारा, मजुरी बुडालेला तो तरुण या आयतीत आहे.

आदरणीय प्रेषित (स.) नमाज दीर्घ करण्याच्या इराद्याने उभे राहत आणि मूल रडल्याचे ऐकू आले की आईच्या जिवाची घालमेल जाणून ती आटोपती घेत. खंदकच्या लढाईत माननीय सअद बिन मुआज (र.) जखमी झाले, तेव्हा जवळून विचारपूस करता यावी म्हणून त्यांच्यासाठी मशिदीतच तंबू ठोकला गेला. रुग्णाजवळ राहता यावे, ही गरज त्या मशिदीने ओळखली होती.

आपल्या शहरांतल्या मशिदींना लागून मदरशाच्या खोल्या असतात, शादीखाने असतात. वर्षातल्या बहुतेक रात्री त्यांना कुलूप असते. निफासच्या काळात स्त्रीने नमाजच्या जागेत थांबू नये, हे खरे. पण मदरशाची वेगळी खोली म्हणजे नमाजची जागा नव्हे. खोलीसाठी सदका आणि वक्फचा पैसा वापरावा. जकातीची बाब निराळी. परगावी हाती पैसा न उरलेला वाटसरू जकातीच्या आठ हक्कदारांपैकी एक आहे. त्याच्या भाड्याची आणि जेवणाची रक्कम त्याच्याच हाती द्यावी, आणि शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे. दारात मात्र जातधर्म विचारू नये. तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यातून जाते तेव्हा अनोळखी वारकऱ्यासाठी घरे उघडणारी ही माणसे आहेत. त्यांना हे शिकवण्याची गरज नाही.

अकीकाविषयीही एक सांगावेसे वाटते. सातव्या दिवशी नातलग विचारू लागतात, आणि बाप कर्जाच्या विचारात पडतो. चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवसाचीही मुभा विद्वानांनी सांगितली आहे, आणि ऐपत नसणाऱ्यावर सक्ती नाहीच. तूर्त त्याच्या खिशातले पैसे आईच्या दुधा-भाताला राहू द्यावेत.

खोलीत फार काही लागत नाही. आतून लागणारी कडी, स्वच्छ गादी, वाटी-चमचा उकळायला शेगडी, रात्री दोन वाजता रुग्णालयापर्यंत सोबत करणारी एखादी वडीलधारी बाई. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर विश्वस्तांना एवढेच विचारा : मदरशाची किल्ली रात्री कोणाकडे असते?