वाजवून घेतलेले उत्तर

मडके घेताना ते वाजवून घ्यावे, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. बाजारात ते आपोआप समजते. टिचकी मारली आणि आवाज खणखणीत आला की मडके पक्के, बद्द आला की कुठे तरी तडा आहे. डोळ्यांना न दिसणारा तडा कानांना कळतो. या परीक्षेत मोठी सोय अशी की, परीक्षा घेणारा आणि त्या मडक्याचे पाणी पिणारा माणूस एकच असतो. पण जी वस्तू वाजवून पाहता येत नाही, जी घडवतो एक आणि जिच्या भरवशावर जगतो दुसराच, तिची हमी कोणी द्यावी आणि कशाच्या जोरावर?

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो पवईच्या आय.आय.टी.त पदार्थांच्या संगणकीय यामिकीचा अभ्यास करतो. मी पडलो मॅट्रिक. शाळेत मुलांना शिकवावे आणि सुटीत कादंबरी लिहावी, एवढाच माझा पसारा. तेव्हा त्याने मला झेपेल अशा बेताने सांगितले. लोखंड, काँक्रीट, काच यांच्यावर भार पडला म्हणजे त्यांच्या पोटात काय घडते, ते आधी गणिताने जाणून घ्यायचे. अखंड वस्तूचे गणित सहसा सुटत नाही. म्हणून कल्पनेने तिचे हजारो बारीक तुकडे करायचे, एकेका तुकड्याचे सोपे गणित मांडायचे आणि सारे तुकडे पुन्हा जोडून मूळ वस्तूचे उत्तर काढायचे. या पद्धतीला अमेरिकेतील रे क्लफ यांनी १९६० साली ‘फाइनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. आज पूल, विमाने, धरणे यांचा आराखडा या गणितावाचून क्वचितच पुढे सरकतो.

आता या गणिताची एक कहाणी ऐका. नॉर्वेजवळच्या समुद्रात तेल आणि वायू काढण्यासाठी ‘स्लाइप्नर ए’ नावाचा प्रचंड फलाट उभारायचा होता. त्याचा पाया म्हणजे काँक्रीटच्या २४ पोकळ्यांचा जुडगा. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर गावाजवळच्या खाडीत तो पाया हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. तो सुमारे ६५ मीटरवर गेला असताना एका भिंतीला भगदाड पडले. पंप अपुरे ठरले आणि सारा पाया तळाशी गेला. तळावर आदळला तेव्हा भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. सुदैवाने माणसे वाचली, पण नुकसान झाले सुमारे ७० कोटी डॉलरचे.

चौकशीत काय निघाले? पोकळ्यांच्या सांध्यात ज्या भिंती होत्या, तिथे कल्पनेतले तुकडे फार ढोबळ पाडले होते. त्यामुळे भिंतीला कातरू पाहणारा ताण गणिताने ४७ टक्क्यांनी कमी दाखवला. भिंती बेताच्या जाडीच्या झाल्या, आतल्या सळ्यांची पकडही अपुरी राहिली. पुढे तेच गणित अधिक काळजीने मांडले, तेव्हा भिंत ६२ मीटरवर फुटेल असे उत्तर आले. म्हणजे गणित खोटे नव्हते. ज्याने जसे विचारले, तसे त्याने सांगितले.

मग दोष कोणाचा? यंत्राने सांगितले ते आम्ही केले, असे म्हणून माणसाला मोकळे होता येईल का? मला वाटते, नाही. यंत्राला बेरीज येते, पण लाज नसते, आणि लाज असल्याखेरीज जबाबदारी नसते. काही जण म्हणतील, मग यंत्र बाजूला सारा आणि जुन्या अनुभवावर चाला. तेही खरे नव्हे. समुद्रातला फलाट मडक्यासारखा वाजवून बघता येत नाही. विश्वास ठेवल्यावाचून इलाज नाही. पण विश्वास आणि आळस ही दिसायला सारखी असली, तरी भावंडे नव्हेत. विश्वास ठेवणारा उत्तराकडे पुन्हा एकदा पाहतो. आळशी माणूस ते छापील आहे म्हणून खरे मानतो. भिंतीची ती उणीव साध्या हाताच्या गणितानेही उघड झाली असती.

शाळेतली मुले पुस्तकाच्या शेवटी छापलेले उत्तर जुळले की वही मिटतात. या शास्त्रात मात्र शेवटचे पान कोरेच असते. म्हणूनच तरुणांना तिथे मोठे रान मोकळे आहे. काच तिच्या अंगच्या ताकदीपेक्षा कितीतरी लवकर फुटते, याचे कारण तिच्यातले सूक्ष्म तडे, हे ग्रिफिथने १९२१ साली दाखवले. पण नेमका तडा कुठे जन्मेल आणि कोणत्या वाटेने धावेल, हे आजही पुरते हाती आलेले नाही. अणूंचे वर्तन नॅनोमीटरच्या मापात घडते आणि एका मीटरमध्ये १०० कोटी नॅनोमीटर मावतात. अणूपासून पुलापर्यंतचे हे अंतर गणिताने कसे ओलांडावे? यंत्राने जुन्या नोंदींवरून शिकून दिलेला अंदाज कुठवर मानावा? आणि सर्वांत मोलाचा प्रश्न, ‘माझे उत्तर किती चुकू शकते?’ हाही तिथे संशोधनाचा विषय आहे.

हे ऐकून मला त्या विद्येविषयी आदर वाटला. आपले उत्तर किती चुकू शकते, हे उत्तराबरोबरच लिहून द्यावे, अशी रीत आपल्या संसारात, राजकारणात, साहित्यात कुठे आहे? आपण ठामपणाला विद्वत्ता समजतो. घरातल्या एखाद्या मुलाने ही वाट धरली, तर पगार किती असे अवश्य विचारा, त्यात गैर काही नाही. पण त्याला हेही सांगा की, ज्या भिंतीआड उद्या कुणी तरी निर्धास्त झोपणार आहे, तिचे उत्तर देण्यापूर्वी ते स्वतःच्या हाताने एकदा वाजवून घे. शंका घेणे हा तिथे अविश्वास नव्हे. अनोळखी माणसाविषयीचे ते प्रेमच आहे.