25.8 चा रकाना

दोन मोटरसायकलींची तुलना करायला बसलो की माझी नजर आधी कुठे जाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. ब्रेककडे नाही, वजनाकडे नाही, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ या आपल्या सनातन प्रश्नाकडेही नाही. ती जाते पॉवरकडे, आणि त्यातही सगळ्यात वरच्या आकड्याकडे. भाच्याला पहिली स्पोर्ट्स बाइक घ्यायची आहे. ‘मामा, तुम्हीच सांगा,’ असं तो विश्वासाने म्हणाला, म्हणून मी कागद घेऊन रकाने आखले. केटीएम आरसी 390, 2022 चं मॉडेल: 43.5 पीएस. टीव्हीएस अपाचे आरआर 310, बीएस 6 मॉडेल, जी मी स्वतः चालवतो: 34 पीएस. झाली तुलना! वास्तविक माझ्या गाडीला दोन आकडे आहेत. स्पोर्ट आणि ट्रॅक मोडला 34, अर्बन आणि रेनला 25.8. या दुसऱ्या आकड्यासाठी मी रकानाच आखला नव्हता.

का? जागा पुरत नव्हती म्हणून? कागद चांगला फुलस्केप होता.

ते 34 पीएस मिळतात 9,700 आरपीएमला. कर्वे रस्त्यावर त्या टोकाला मी कधी पोचलो आहे? एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत इंजिन चार-पाच हजारांच्या घरात असतं, तेवढ्यात पुढचा लाल लागतो. कमाल टॉर्क बघितला तर स्पोर्टमध्ये 27.3 न्यूटन मीटर, अर्बनमध्ये 25. म्हणजे फरक जेमतेम 2.3 चा. टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारातून पॉवर येते, त्यामुळे दोन मोडमधली खरी दरी इंजिन पार वर ताणलं की दिसते. मी जिथे रोज असतो तिथे मला ती फारशी दिसायचं कारण नाही. ज्या आकड्यापर्यंत मी जातच नाही, त्याच्या जोरावर मी एका गाडीला मोठं आणि दुसरीला छोटं ठरवत होतो. तेही दुसऱ्याच्या पैशांनी.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ताम्हिणीचं काय? पावसाळ्यात घाट लागला की मी रेन मोड लावतो, तेवढी अक्कल आहे. मूठ पिळल्यावर इंजिन अंगावर येत नाही, एबीएस जास्त सावध होतो, ओल्या वळणावर जीव थाऱ्यावर राहतो. आणि मग चहाच्या टपरीपाशी दहा-बारा गाड्या उभ्या दिसल्या की अंगठा आपोआप बटणावर जातो. थांबण्याआधी गाडी परत स्पोर्टवर. कारण शेजारी कुणीतरी पोरगा असतो, तो वाकून माझ्या स्क्रीनकडे बघतो. त्याने ‘रेन’ वाचलं तर काय होईल? तो हसेल? त्याला माझं नावही माहीत नाही. आणि तिथे पाऊसच पडत असतो हो!

ही लाज नेमकी कशाची, हे शोधताना एक जुनी गोष्ट आठवली. 2007 च्या सुझुकी जीएसएक्स-आर 1000 मध्ये ए, बी आणि सी असे तीन मोड आले. दुय्यम थ्रॉटल झडपा संगणकाच्या ताब्यात होत्या, त्यांनीच हवा कमी-जास्त करून ताकद आवरायची. आम्ही मित्र हसलो होतो, एवढी महागडी गाडी घेऊन ‘सी’ कोण लावणार? आमच्यापैकी कुणीही त्या गाडीला हात लावलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको. पुढे 2009 मध्ये बीएमडब्ल्यूची एस 1000 आरआर आली. पूर्ण ताकद 193 अश्वशक्ती, रेन मोडमध्ये 150. त्या 150 ला मात्र कुणी हसलं नाही. माझ्या गाडीच्या ‘पूर्ण’ ताकदीच्या चौपटीहून जास्त, आणि तरी तो खालचाच मोड. तेव्हा लाज ताकद कमी पडण्याची नसणार. आपल्याच गाडीत आपल्या वर अजून एक पायरी आहे आणि आपण तिच्यावर नाही, हे चारचौघांत दिसणं मला सोसत नाही.

मग मी उलट बाजूनेही स्वतःला कोपऱ्यात घेतलं. मोड तरी कशाला हवेत? नावं चार आणि पॉवरचे आकडे दोनच, यात विक्रीचा भाग किती? केबलच्या जमान्यात लोक मनगटानेच मोड ठरवत नव्हते का? माझंही मनगट शाबूत आहे. पण ते शहाणं आहे का? एखादी गाडी डावीकडून कट मारून गेली की पुढच्या दोन सेकंदांत ते काय करतं, हे मी पाहिलेलं आहे. कितीची मुभा द्यायची हे डोकं शांत असतानाच ठरवलेलं बरं, असं आता वाटू लागलं आहे. बऱ्याच गाड्यांत चालताना मोड बदलायचा तर आधी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडावा लागतो. ही अट मला पूर्वी कटकट वाटायची.

युरोपात नव्या चालकाला एटू परवान्यावर 35 किलोवॉटच्या वर जाता येत नाही. आपल्याकडे 125 सीसीच्या गाडीला आणि हायाबुसाला परवाना एकच. कायदा भाच्याला अडवणार नाही, आणि मी कागदावर 43.5 ला दोनदा गोल केलेला. त्या आरसी 390 ला एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण कमी पॉवरचा मोड नाही. जे असेल ते मुलाच्या उजव्या हातात. तो रोज चिंचवडहून हिंजवडीला जाणार. हे मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं, बहिणीच्या बोलण्यातून कळलं. मग मी तुलना नेमकी कुणासाठी करत होतो?

काल नवा कागद घेतला. पहिला रकाना दुसऱ्या गिअरमधल्या चार हजार आरपीएमचा, तो टेस्ट राइड घेतल्याशिवाय भरता येत नाही. दुसरा 25.8 चा, आरसीसमोर तो कोराच. पॉवरचा रकाना शेवटी टाकला, आणि सगळ्यात आधी भरला तोच.