न खेळलेल्या खेळण्याचे मोल

खेळण्याचा धर्म कोणता? अग्नीचा धर्म दाहकता, पाण्याचा धर्म प्रवाहीपणा, तसा खेळण्याचा धर्म खेळले जाणे, असे उत्तर कोणीही देईल. मग जे खेळणे जन्मात एकदाही खेळले गेले नाही, त्याला खेळणे म्हणावे काय? आणि नेमके त्याच कारणासाठी कोणी त्याला लाखो रुपये मोजत असेल, तर ती किंमत कशाची? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण मूल्य कशाला म्हणावे ह्या जुन्याच वादाचे हे नवे रूप आहे.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला आहे. सुट्टीत भेटायला आला तेव्हा त्याचा छंद कळला. विज्ञानपटांतील पात्रांच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या तो जमवतो. 'सर, बाहुल्या म्हणू नका, अ‍ॅक्शन फिगर म्हणा,' असे तो हसत म्हणाला. ह्या नावालाही इतिहास आहे. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळायचे नाहीत ह्या धास्तीने हे नाव पुढे करण्यात आले.

ह्या छंदाची खरी भरभराट मात्र 'स्टार वॉर्स'ने केली. चित्रपट १९७७ च्या मे महिन्यात आला. खेळणी करण्याचे हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होते. नाताळ आला तरी खेळणी तयार होईनात, तेव्हा कंपनीने चक्क खेळण्याविना पुठ्ठ्याचे पाकीट विकले. आत एक प्रमाणपत्र. ते भरून पाठवले की पुढच्या वर्षी चार पात्रे टपालाने घरी येणार! १९७८ मध्ये पावणेचार इंची बारा पात्रांचा पहिला संच दुकानांत आला. मुलांनी ती पात्रे वाळूत पुरली, खिशात कोंबली, त्यांच्या चिमुकल्या बंदुका हरवल्या. खेळण्यांनी आपला धर्म पाळला.

त्यांतली जी थोडी न उघडता राहिली, त्यांचे आज मूल्यमापन होते. अमेरिकेत ह्या कामाला वाहिलेली संस्थाच आहे. पुठ्ठा, त्यावरचा पारदर्शक फुगा आणि आतील पात्र ह्यांना वेगवेगळे गुण देऊन, शंभरपैकी एकूण आकडा ठरवून खेळणे अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत कायमचे बंद करतात. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडलेला असला की गुण कमी. परीक्षकाचे डोळे तयार असावे लागतात. 'जावा' नावाच्या बुटक्या पात्राला सुरुवातीला प्लॅस्टिकचा झगा होता. लवकरच कंपनीने तो कापडाचा केला. त्यामुळे प्लॅस्टिकचा दुर्मीळ झाला, आणि दुसऱ्या पात्राचा झगा कापून बनावट 'जावा' तयार करणारेही निघाले. सर्वांत बोलकी कथा 'बोबा फेट'ची. ह्याच्या पाठीवरून क्षेपणास्त्र उडेल अशी जाहिरात १९७९ मध्ये झाली होती. पण दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच खेळण्यातील तुकडा घशात अडकून एक मूल दगावले होते. केनरने बेत सोडला. मागे उरले ते थोडे नमुने. त्यांतल्या एकाला २०२४ च्या लिलावात पाच लाख डॉलरांवर किंमत आली. जे खेळणे कोणत्याच मुलाच्या हाती द्यायचे नाही असे ठरले, ते सर्वांत महाग!

अ‍ॅरिस्टॉटलने जोड्याचे उदाहरण देऊन म्हटले आहे की वस्तूचे उपयोग दोन: जोडा पायात घालता येतो, आणि त्याच्या बदल्यात दुसरे काही घेताही येते, पण पहिलाच उपयोग तिचा स्वतःचा. आपल्याकडे भर्तृहरीने धनाच्या तीन गती सांगितल्या: दान, भोग आणि नाश. बंद पेटीतील खेळणे ना दिले जाते, ना भोगले जाते. तिसरी गती तरी चुकते काय? पांढरे प्लॅस्टिक उजेडाने आणि काळाने पिवळे पडते, फुगा पिवळा पडतो, चिकटवलेला सांधा सुटतो. गुणपत्रिका तेवढी कोरी करकरीत राहते.

संग्राहकाची बाजू मात्र हलकी लेखू नये. जपणारे नसते तर वस्तुसंग्रहालये रिकामी राहिली असती. आपल्या शेजारच्या गोव्यात फनस्कूलच्या कारखान्यात अमेरिकी साच्यांतून 'जी. आय. जो'चे सैनिक निघत. त्यांचे वेगळे रंग आज परदेशी संग्राहक हौसेने शोधतात. आपण जे भंगारात घातले त्याचा इतिहास त्यांनी राखला. खरे-खोटे पारखणारी नजर ही विद्याच आहे, आणि एखाद्या वस्तूकडे इतक्या बारकाईने पाहणे हेही प्रेमच.

तरी एक हिशेब उरतो. बंद खेळणे दुर्मीळ का? बाकीच्या लाखो मुलांनी आपापली फोडली म्हणून. ह्याचा पुरावाही आहे. १९९५ पासून केनरने ही पात्रे नव्याने आणली, तेव्हा मोठ्या झालेल्या लोकांनी पुढे भाव येईल म्हणून ती डझनांनी घेऊन न उघडता ठेवली. सर्वांनीच जपली; म्हणून त्यांतल्या बहुतेकांना आज फारसा भाव नाही. म्हणजे पेटीतल्या खेळण्याचे मोल पेटीत नसून वाळूत हरवलेल्या त्याच्या भावंडांत आहे. खेळणाऱ्यांनी ते निर्माण केले. राखणारा त्याचा केवळ विश्वस्त. हे ओळखून जपणारा रसिक; न ओळखता जपणारा सावकार.

हा भेद मला खेळण्यांपुरता वाटत नाही. शंभरपैकी गुण देण्याचा धंदा माझाही आहे. एसएसएलसीच्या वर्षी घरोघर मुले फुग्यात ठेवलेली पाहतो. मैदान बंद, गल्लीतली मैत्री बंद, सावंतवाडीच्या लाकडी भोवऱ्याची जाळी सोडवण्याइतकाही वेळ नाही. कोपरा दुमडू नये, एवढीच चिंता. गुण येतातही. पण ज्याचा कोपराच कधी दुमडला नाही, त्याची पारख झाली म्हणावी की नुसती मोजदाद? मोजमाप वस्तू कशी राहिली ते सांगते. ती कशासाठी होती, हे त्याला विचारू नये.

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, बाजारातून मावळे आणतात. पाडवा सरतो, किल्ला ढासळतो, मावळ्याचा हात मोडतो. त्या मोडक्या मावळ्याला कोणी शंभरपैकी दहाही गुण देणार नाही. पण आपल्या हातून किल्ला उभा राहतो हे ज्या मुलाला त्याने शिकवले, त्याच्या लेखी त्याचे मोल पूर्ण वसूल झालेले असते. यंदा मुलांनी चिखलाचे हात भिंतीला पुसले तर थोडे दुर्लक्ष करावे, एवढीच विनंती.