बक्षीस की हक्क?

दोस्तांनो, आपल्या मरणावर कुणी सिनेमा काढला आणि जगात त्याचा सत्कार झाला, तर आपण टाळ्या वाजवायच्या की तोंड फिरवायचं? एक म्हणतो, प्रस्थापितांच्या बक्षिसाला लाथ मारा. दुसरा म्हणतो, निदान जगाला कळलं तरी. मला दोन्ही म्हणणी अर्धी वाटतात. उरलेलं अर्धं शोधण्यासाठी हा खटाटोप.

उदाहरण 'कोर्ट'चं घेतो. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी सिनेमा. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. गटारात उतरणारा वासुदेव पवार मरतो आणि पोलीस शाहिराला उचलतात. आरोप काय? तर याच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली! वासुदेवला साधनं न देता खाली सोडणारा आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. गाणारा आहे. सिनेमाचं सगळं तर्कशास्त्र या एका अदलाबदलीत आहे, आणि आपल्याला ते नवं नाही. गावात आग लागली की पहिली चौकशी महारवाड्यात व्हायची, तीच ही रीत.

या कोर्टात कुणी आरडाओरडा करत नाही. न्यायाधीश खलनायक नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करते, पोराला शाळेतून आणते. चांगली माणसं, नियमानं वागणारी. तारखा पडत जातात आणि कांबळे आत राहतो. उन्हाळी सुट्टी लागते तेव्हा कोर्टाचे दिवे विझतात आणि न्यायाधीश सहलीला जातो. अन्याय करायला राक्षस लागत नाही, साधं कॅलेंडर पुरतं, हे मी कुठल्या पुस्तकात इतकं स्वच्छ वाचलं नव्हतं.

दोषही सांगतो. वकिलांच्या घरात, न्यायाधीशाच्या सहलीत कॅमेरा सवडीनं बसतो. वासुदेवच्या बायकोबरोबर मात्र तो तेवढा थांबत नाही. तरी तिची साक्ष सगळ्या सिनेमाला पुरून उरते. नवऱ्याचा एक डोळा गटाराच्या वायूनं गेलेला. झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं तो समजायचा. दारू प्यायचा, कारण त्याशिवाय त्या घाणीत उतरणं शक्य नव्हतं. आणि बचावाचा वकील तिला पैसे देऊ करतो तेव्हा ती पैसे नको म्हणते, काम असेल तर सांगा म्हणते. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुन्हा लागेल.

आता बक्षिसं. २०१४ साली व्हेनिसला दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. २०१५ साली भारतातर्फे ऑस्करला रवानगी. शक्यता किती होती? तेव्हा प्रत्येक देशाचा एकच सिनेमा जायचा. तो तिथल्या मतदारांनी बघावा म्हणून खेळ लावायचे, जाहिराती करायच्या, म्हणजे पैसा ओतायचा. 'कोर्ट' पहिल्या नऊच्या यादीतही आला नाही. भारताचे आजवर तीनच सिनेमे अखेरच्या पाचांत पोचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. जिंकला एकही नाही. २०२५ साली नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' पाठवला गेला, आणि शक्यतेची तीच चर्चा पुन्हा रंगली.

'कोर्ट'च्या वर्षी जिंकला हंगेरीचा 'सन ऑफ सॉल'. आउश्वित्झच्या छळछावणीत ज्यू कैद्यांनाच आपल्या माणसांची प्रेतं उचलायला, जाळायला लावत, त्यांची ती कथा. त्या दुःखापुढं मी मान झुकवतो. पण एक फरक सांगायलाच हवा. त्या खुनाला जगानं खून म्हटलं, न्यूरेंबर्गला खटला चालवला. आपल्या गटारातल्या मरणाला अजून 'अपघात' म्हणतात. गुन्हा गुन्हा ठरल्यावर त्याच्यासाठी रडणं सोपं असतं. जो गुन्हा आज सकाळी झाकण उघडून चालू झाला, त्याच्यासाठी रडणाऱ्याला आधी हात घालून झाकण बंद करावं लागेल.

मी गिरणीतला माणूस. धागा तुटला की सांधायचा, एवढंच माझं शिक्षण. म्हणून गिरणीतलंच उदाहरण देतो. १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी मोठा संप केला. चौकशी समिती बसली. तिनं सांगितलं, बोनसवर तुमचा कसलाही हक्क नाही. म्हणजे ती मालकाची खुशी. दिली तर हात जोडा, नाही दिली तर गप बसा. १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि खुशीचा हक्क झाला. रुपये तेच असतील, पण घेणाऱ्याची मान बदलली. बक्षीस देणारा मोठा असतो. हक्क घेताना दोघं समान उंचीवर येतात.

सिनेमाच्या पुरस्काराचं हेच आहे. तो ताम्हाण्यांच्या कसबाला मिळाला, रास्त मिळाला. मध्यमवर्गीय घरातल्या पोरानं आपल्यावर सिनेमा का काढावा, हा सवाल मला लहान वाटतो. खरी साक्ष कुणीही द्यावी. पण साक्ष म्हणजे निकाल नव्हे. टाळ्या वाजवून परीक्षक घरी जातात तेव्हा वासुदेवच्या बायकोचं देणं फिटलेलं नसतं. ती तर पैसेही नको म्हणाली होती.

मग लाथ मारायची का? तेही नाही. १९२७ साली आपले लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले. ते पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनी तिथंच सांगितलं. पाण्याची भक्ती नव्हती, बरोबरीचा दावा होता. व्यासपीठाशीही आपलं नातं तसंच हवं. तिथं जायचं, बोलायचं, पण त्याला देव मानायचं नाही.

नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार नागपूरचे, आंबेडकरी चळवळीतले, 'विद्रोही'चे संपादक. १३ एप्रिल २०२१ला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनानं गेले. सिनेमा जगभर फिरला, आणि हा माणूस चळवळीचाच राहिला. मला हे उदाहरण कुठल्याही सोन्याच्या बाहुलीपेक्षा जड वाटतं.

आणि कायदा? हातानं मैला उचलायला लावण्यावर १९९३ साली बंदी, २०१३ साली आणखी कडक कायदा. 'कोर्ट' व्हेनिसला गाजला त्याच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. माणसं तरीही उतरतात, मरतात. म्हणून मित्रहो, पुढचा सिनेमा गाजेल तेव्हा तो जरूर बघा, वस्तीत दाखवा, चर्चा घडवा. मग शक्यता मोजायचीच असेल तर ही मोजा: आपल्या वॉर्डात उद्या गटाराचं झाकण उघडलं, तर आत माणूस उतरेल की यंत्र? याचं उत्तर कुठल्या लिफाफ्यात बंद नाही. वॉर्ड ऑफिसात जाऊन ते मागावं लागेल. हात जोडून नव्हे.