चित्त्याची वेळ

विषुववृत्ताजवळ सूर्य रेंगाळत नाही, थेट वर चढतो. केनियातल्या मसाई मारात साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि फोटोग्राफर ज्याच्यासाठी जीव टाकतात तो कोवळा उजेड बघता बघता संपतो. मग ऊन पांढरं पडतं, सावल्या काळ्याकुट्ट होतात. म्हणून अंधारातच चहा-बिस्किटं उरकायची, अंगावर शाल ओढायची आणि छत उघडणाऱ्या लँड क्रूझरमध्ये जाऊन बसायचं. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ऑगस्टमधली तिथली पहाट चांगलीच बोचरी असते.

नेमकी हीच वेळ चित्त्याचीही. रात्र सिंहांची आणि तरसांची. त्यांच्यापुढे चित्त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून तो बरीचशी शिकार उजेडात करतो, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. पिलांची आई वारुळावर चढून बसते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओठांपर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा, चालताना वर येणारी खांद्याची हाडं, आणि नजर दूरवरच्या थॉमसन गॅझेलांवर. मग खाली उतरून गवतात दबकत दबकत ती अंतर कमी करते. प्रत्यक्ष धाव काही सेकंदांचीच. शिकार साधली तरी लगेच तोंड लावता येत नाही, इतका दम लागलेला असतो. ती नुसती धापा टाकत बसते, आणि तेवढ्यात एखादं तरस आलं की सगळं त्याच्या हवाली करून मुकाट्याने बाजूला होते. पिलं उपाशी.

आता या मोकळ्या माळावर एक गाडी ठेवून बघा. मग दुसरी. चालकांचे रेडिओ खरखरतात, कुणीतरी ‘दुमा’ म्हणतं (स्वाहिलीत चित्ता), आणि दहा मिनिटांत चहूबाजूंनी धुरळा उठतो. मादी आणि कळप यांच्या मधोमध गाड्या. गॅझेलं माना वर करून सावध होतात. फोटो मात्र सुरेख येतो, लेन्सच्या चौकटीत शेजारच्या गाड्या दिसतच नाहीत.

मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी दोनाहून थोडी जास्त पिलं आईपासून वेगळी होण्याच्या वयापर्यंत जगतात. वर्दळ जास्त तिथे हाच आकडा 0.2 च्या आसपास, म्हणजे पाच वेतांमागे जेमतेम एक पिलू. गाड्या पिलांना चिरडतात असं कुणी म्हणत नाही. शिकार हुकते किंवा झालेली शिकार हातची जाते, हेच कारण असावं असा अंदाज आहे.

आफ्रिकेत कॅमेरा आला तोही बंदुकीबरोबरच. कार्ल शिलिंग्स हा जर्मन शिकारी रात्री पाणवठ्यांवर फ्लॅशच्या पावडरीचा लखलखाट करून जनावरांचे फोटो काढायचा. 1905 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच फ्लॅश आणि बंदूक शेजारी शेजारी आहेत. (आपणही मागे नव्हतो. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकात आफ्रिकेतून चित्ते आणून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली जात असे.) केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि सफारीला येणाऱ्यांच्या हातात कॅमेराच उरला. त्यांच्या प्रवेशशुल्कावर मारा उभा आहे. तेव्हा ‘जाऊच नका’ हा सल्ला देणं सोपं, पण खोटेपणाचं. पर्यटक थांबले तर त्या गवताला गाई आणि गहू यांचे दावेदार लगेच मिळतील.

नियम आहेत, आणि चांगले आहेत. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या, अंतर किमान पंचवीस मीटर, बाकीच्या गाड्या रांगेत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. मोडतो कोण? चालक, असं आपण पटकन म्हणतो. पण मागच्या सीटवरून ‘अजून थोडं पुढे घ्या ना’ म्हणणारा पाहुणा कोण असतो? मुंबईहून नैरोबी सहा-साडेसहा तासांवर आली आहे, जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या जेवणघरात मराठी सहज कानावर पडतं. हा प्रश्न आता आपल्यालाही लागू आहे.

आणि फोटोचंच म्हणाल, तर चित्त्याचा नुसता चेहरा प्राणिसंग्रहालयाच्या जाळीतूनही टिपता येतो. मारात टिपायचा असतो तो मारा. गुडघाभर पिवळं गवत, एकटी बाभूळ, क्षितिजावर विल्डबीस्टांची काळी रांग, वर दोन-तृतीयांश आभाळ आणि खाली वारुळावर तिळाएवढा चित्ता. असा फोटो दुरूनच निघतो आणि माझ्या मते तोच भिंतीवर लावण्याजोगा असतो.

पुढच्या मोसमात जाणार असाल तर पहिल्या सकाळी, गाडी सुरू होण्याआधीच चालकाला एवढं सांगून ठेवा: चित्ता शिकारीच्या बेतात असेल तर लांबच थांबा, त्याच्या आड आपण जायचं नाही, आणि फोटो मिळो न मिळो, तुमची बक्षिशी ठरलेली आहे.